धूर मेला की सिगडी आत

त्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा मधल्या खोलीतल्या काळ्या लोखंडी स्टोव्हवर एक कुंडी ठेवलेली होती. आधीच्या भाडेकरूंनी टाकून दिलेली, आतलं झाड वाळून गेलेलं. घरमालक फ्लोरिडात राहायचा आणि फक्त फोनवर भेटायचा. तो म्हणाला, लाकडाचा जुना स्टोव्ह आहे, शोभेला राहू द्या, पेटवायच्या भानगडीत पडू नका. मी कुंडी उचलून बाहेर ठेवली, स्टोव्हचं वरचं दार उघडलं, आत हात घातला आणि नवऱ्याला म्हटलं, "याला काही कळत नाही. हा कोळशाचा आहे."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, ते आठवलं की आता लाज वाटते. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती. आधी पिस्कॅटवेत होतो, मग नवऱ्याचं प्रोजेक्ट पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगराळ गावाकडे सरकलं म्हणून आम्हीही सरकलो. सहा वर्षांत इथली एकही वस्तू अशी भेटली नव्हती की जिच्याबद्दल मला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. तो पुण्याचा. त्याच्या घरात त्याच्या जन्माआधीपासून गॅस. माझा बाप चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत तीस वर्षं पाळ्या करत होता आणि आमच्या क्वार्टरमध्ये मी कॉलेजात जाईपर्यंत स्वयंपाक कोळशावरच व्हायचा. कोळशातलं मला कुणी काही शिकवावं, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

नवऱ्याला मी स्टोव्हपुढे बसवून समजावलं. लाकडाचा स्टोव्ह आतून लांबट पेटीसारखा असतो आणि त्याचा तळ सपाट असतो. याचं पोट गोल आणि खोल होतं, भट्टीच्या विटांनी मढवलेलं. तळाला दातेरी जाळी होती आणि बाहेरच्या दांड्याने ती हलवता यायची, म्हणजे राख खाली पडावी. त्याखाली राखेचा खण, आणि खणाच्या दारावर फिरवून उघडायची एक चकती, कारण कोळशाला हवा खालून लागते. समोरच्या दाराला काचेऐवजी अभ्रकाचे पापुद्रे लावलेले होते, धुराने पिवळे पडलेले. दाराच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत कारखान्याचं नाव होतं, पण गंजाने त्यातली चारच अक्षरं शिल्लक होती. नवऱ्याने ती चार अक्षरं घेऊन इंटरनेटवर दोन संध्याकाळी घालवल्या आणि हात हलवत परत आला. मला मात्र पुरावा विटांच्या फटीतच सापडला. लहान लिंबाएवढा एक खडा, काचेसारखा चकाकणारा. मी तो तळहातावर चोळला तरी हात काळा झाला नाही. आमच्याकडचा कोळसा नुसता बघितला तरी हात काळे होतात. हा कुठला कोळसा, ते मला कळेना, पण हे मी नवऱ्याला सांगितलं नाही.

२००७ सालच्या त्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी तेलावरची भट्टी डिसेंबरातच बंद पडली. तेल तसंही महाग झालं होतं. घरमालक आज माणूस पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. मला आठवा महिना. आम्ही दोन विजेचे हीटर आणले तर घरातले फ्यूज उडाले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. तेव्हा मी म्हटलं, स्टोव्ह पेटवू.

पलीकडच्या घरात एक म्हातारा एकटा राहायचा. उंच, वाकलेला, बोलताना मधेच थांबून खोकायचा. तरुणपणी तो इथल्याच खाणीत होता, खाणी बंद पडेपर्यंत. कोळसा कुठे मिळतो हे विचारायला नवरा त्याच्याकडे गेला आणि तो उत्तर न देता सरळ आमच्या घरी आला. त्याने आधी चिमणी बघितली. खालच्या झडपेतून आरसा आत धरून वरचं आकाश दिसतं का ते बघितलं. दिसलं नाही. मग दोन दिवस खपून त्याने आणि नवऱ्याने चिमणी साफ केली, पत्र्याचा जुना पाइप बदलला, दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी नवी घातली. पैसे विचारले तर त्याने नवऱ्याकडे असं बघितलं की नवऱ्याने पाकीट खिशात परत घातलं.

पेटवायचं कसं, हे त्याने दाखवलं तेव्हा मी मागे उभी राहून नाकाने कांदे सोलत होते. आधी कागद, मग लाकडाच्या ढलप्या, त्यांचे निखारे झाले की वर कोळशाचा पातळ थर, तो लाल झाला की पुढचा. थोड्या वेळाने कोळशावर निळ्या ज्योती नाचायला लागल्या. धूर नाही. वास नाही. मी आयुष्यात असा कोळसा पाहिला नव्हता. म्हातारा म्हणाला, त्या निळ्या ज्योती म्हणजे आतला विषारी वायू जळतोय. ज्योती दिसताहेत तोवर ठीक. नवा कोळसा घालताना एक कोपरा लाल उघडा ठेवायचा, म्हणजे वायू पेटत राहतो. वरून कधी ढोसायचं नाही, खालून जाळी हलवायची. पाइपची झडप कधी पूर्ण बंद करायची नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या पद्धतीने वरून सळईने ढोसलं आणि स्टोव्ह विझला. तो परत पेटवायला अर्धा दिवस गेला. तरीही माझी मान खाली गेली नाही. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, त्यातली मी.

तिसऱ्या दिवशी म्हातारा एक अलार्म घेऊन आला. धूर आणि तो वायू, दोन्हींना ओरडणारा. जिन्याच्या वरच्या तोंडाशी, बेडरूमच्या दाराबाहेर त्याने तो स्वतः ठोकला. अलार्मने स्टोव्हकडे पाहून कधी तोंड उघडलं नाही, पण खाली स्वयंपाकघरात मी मोहरी तडतडवली की तो वर कोकलायला लागायचा. चार दिवसांत नवरा वैतागला. "यार, रोज फोडणीला फायर ब्रिगेड बोलवायची का?" असं म्हणत त्याने स्टुलावर चढून बॅटरी काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. आम्ही ओळखत असलेल्या प्रत्येक देशी घरात अलार्म असाच मुका केलेला असायचा. कुणी त्यावर शॉवर कॅप घालायचं, कुणी बॅटरी काढायचं. मी हसले होते.

आई डिसेंबरच्या शेवटी आली. पहिल्यांदाच विमानात बसलेली. बॅगेत डिंक, खारीक, आळीव, ओवा, बाळंतशोपा आणि वंदनेचं छोटं पुस्तक. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात शिरल्यावर तिने कोट काढायच्या आधी स्टोव्हला हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतक्या दूर येऊन पोरीच्या घरी कोळसाच." तिला त्याचं हसू आलं होतं. दोन दिवसांत तिने स्टोव्ह ताब्यात घेतला. वरून ढोसायचं नाही, हे तिला मी एकदाच सांगितलं आणि तिने ते एकदाच ऐकून पाळलं. ही गोष्ट मला पुढे फार छळणार होती.

आमच्या कॉलनीत सकाळी प्रत्येक दारासमोर सिगडी धुमसत ठेवलेली असायची. खाली गोवरीचा तुकडा, रॉकेलची चिंधी, वर कोळसा. सगळी गल्ली धुराने भरून जायची, डोळे चुरचुरायचे. बायका दारात उभ्या राहून धूर कमी व्हायची वाट बघत. धूर थांबला, कोळसा लाल झाला, की सिगडी उचलून घरात. धूर मेला की सिगडी आत. लहानपणी शाळेत जायच्या आधी आई मला बाहेर पाठवायची, "पाय बरं, धूर मेला का?" मी बघून यायचे आणि ओरडायचे, मेला. वर कौलं होती, कौलांतून ऊन आत यायचं, मग हवा कशी येणार नाही? त्या घरात आम्ही सगळी भावंडं वाढलो आणि सिगडीने कुणाचं काही वाकडं केलं नाही.

मुलगी जानेवारीत झाली. पोट उघडून. पाचव्या दिवशी घरी आणली आणि सहाव्या दिवसापासून आई तिच्या कामाला लागली. माझी मालिश, कढत पाण्याची अंघोळ आणि मग शेक. शेकाशिवाय बाळंतपण तिला ठाऊकच नव्हतं. पण स्टोव्ह खाली आणि बेडरूम वर. वर गार पडायचं. वारा आत येऊ नये म्हणून नवऱ्याने खिडक्यांना चारी बाजूंनी प्लास्टिक चिकटवलं होतं, तरी भिंती गारच. आईने त्याचा उपाय एका दुपारी काढला. जुनी लोखंडी कढई घेतली, सांडशीने स्टोव्हमधले लाल निखारे तिच्यात काढले, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या आणि कढई वर आणून माझ्या पलंगाजवळ विटांवर ठेवली. टाके दुखायचे थांबले नाहीत, पण कंबर सैल झाली. तो वास आला आणि मी कितीतरी महिन्यांनी निवांत झोपले. हे मी खोटं सांगणार नाही, मला तो शेक हवा होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी म्हातारा बर्फावर टाकायला नेलेली आमची राखेची बादली परत द्यायला आला. मी खाली सोफ्यावर बाळाला पाजत बसले होते. आई स्टोव्हपुढे उकिडवी बसून कढईत निखारे काढत होती. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि बादली त्याच्या हातातून खाली पडली.

हे कशाला म्हणून त्याने मला विचारलं, मी सांगितलं, वर खोलीत शेकायला. तो आईकडे बघत मोठ्याने बोलायला लागला. ती कढई घेऊन तू वर जातेस? बंद खोलीत? त्याने नाकाला बोट लावलं, मान हलवली. वास येत नाही. डोळ्यांपुढे हात फिरवला. धूरही नाही, कधीच नाही, या कोळशाला धूरच नसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग माणूस उठत नाही. त्याने दोन बोटं दाखवली. दोन माणसं त्याने स्वतः उचलून खाणीबाहेर आणली होती, झोपल्यासारखी, गाल लाल असलेली. मग तो माझ्याकडे वळला. "तिला सांग. मी म्हणालो तसंच सांग."

आईने सांडशी खाली ठेवली. "काय म्हणते वं तो?"

मी थांबले. किती वेळ थांबले असेन? बाळाने एक घोट गिळावा इतका.

त्या चार दिवसांत मी आईला पाच गोष्टी बंद करायला लावल्या होत्या. बाळाला मध चाटवायचा नाही. काजळ नाही. नाकात तेल नाही. टाळूवर तेल थापायचं नाही. बाळाला धुरी तर अजिबात नाही. प्रत्येक वेळी डॉक्टर असं म्हणाले, डॉक्टर तसं म्हणाले. आदल्या दिवशी पाचवी गोष्ट बंद केली तेव्हा ती खिडकीशी जाऊन बसली होती आणि रात्री जेवली नव्हती. नंतर एवढंच म्हणाली, "मंग मले बोलावलं काहून?" आता सहावी गोष्ट सांगायची, तीही कोळशातली, ज्याच्यात ती तीस वर्षं राहिली. आणि मला शेक हवा होता. आणि मलाही मनातून वाटत होतं की म्हातारा घाबरट आहे, आम्हाला काय होतंय.

मी आईला म्हटलं, "तो म्हणतो, तुमचा हात कोळशावर छान बसलाय."

आईचा चेहरा असा उजळला की अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ती उठली, पदराला हात पुसले, स्वयंपाकघरातून डिंकाचा लाडू आणला आणि म्हाताऱ्याला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, डोकं किंचित वाकवलं. त्याला वाटलं, हिला समजलं, ही आभार मानते आहे. माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवून तो निघून गेला. दोघं एकमेकांवर खूश होते आणि मधे मी बसले होते.

मी अगदीच बेफिकीर राहिले असंही नाही. त्या दिवसापासून मी शेकाच्या वेळी बेडरूमचं दार अर्धं उघडं ठेवायला लावलं. आई म्हणाली, "काहून? ऊब जाते ना."

"असू दे. बाळ खाली असलं की रडणं ऐकू येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि रोज दार अर्धं उघडं ठेवू लागली. तरी माझं डोकं दुखायचं. मला वाटायचं, जागरणं. बाहेर मेलबॉक्सपर्यंत गेले की उतरायचं आणि मी म्हणायचे, मोकळी हवा छान असते.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा एकाच दिवशी तिची तपासणी आणि माझे टाके बघणं, दोन्ही होतं. दवाखाना डोंगरापलीकडे. नवरा ड्राइव्ह करणार, आई घरी थांबणार. निघताना ती दारात येऊन म्हणाली, "या लवकर. मी खोली गरम करून ठेवतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, करतो, ठेवतो. नवऱ्याला त्याची गंमत वाटायची आणि तो तिची नक्कल करायचा. त्या दिवशीही त्याने केली आणि ती हसली.

परतताना बर्फ सुरू झाला. डोंगरावरचा रस्ता बंद करून ठेवला होता, गाड्यांच्या रांगेत आम्ही तीन तास बसलो. घरी फोन केला. वाजत राहिला. आई फोन उचलायला घाबरायची, कुणी इंग्रजीत बोललं तर काय म्हणून, त्यामुळे मला काही वाटलं नाही. पोचलो तेव्हा चार वाजले असतील. बाळाला नवऱ्याकडे देऊन मी कठड्याला धरून जिना चढले.

बेडरूमचं दार बंद होतं. ते मी उघडलं आणि ऊब अंगावर आली, ओव्याच्या वासाची. कढई नव्हती. तिच्या जागी राख काढायचं मोठं घमेलं होतं, राखेने पांढऱ्या झालेल्या निखाऱ्यांनी काठोकाठ भरलेलं. पलंगावर माझं अंथरूण घालून ठेवलेलं, बाळाची दुपटी गरम व्हावीत म्हणून खुर्चीवर पसरलेली. आई खाली गोधडीवर कुशीवर झोपली होती. गाल लाल. या देशात आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मी एवढा रंग पाहिला नव्हता. मला वाटलं, किती दमली आहे, झोपू दे. बाळाच्या रडण्याने जाग येऊ नये म्हणून मी बाहेर आले आणि दार हळूच ओढून घेतलं.

मी दार ओढून घेतलं. म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं ते गाल, ती झोप, सगळं जसंच्या तसं समोर होतं, आणि मी दार ओढून घेतलं.

खाली येऊन चहा टाकला. बाळाला पाजलं. नवऱ्याने टीव्हीवर हवामान लावलं. पंचवीस मिनिटांनी तो डायपर आणायला वर गेला आणि त्याने जिन्यावरून हाक मारली, "अगं, आई उठत नाहीयेत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नवऱ्याने आईला ओढत बाहेर आणलं. त्याने खिडक्यांचं प्लास्टिक फाडलं त्याचा आवाज. अँब्युलन्स. अग्निशमनवाल्यांच्या हातात एक यंत्र होतं, ते जिन्यातच किंचाळायला लागलं. त्यांच्यातल्या एकाने छताजवळचा अलार्म उघडून पाहिला, रिकामा होता, तो त्याने नवऱ्याच्या हातात दिला. मग घमेल्याकडे बोट दाखवून विचारलं, हे इथे कुणी आणलं?

"माझ्या आईने," मी म्हणाले. "तिला माहीत नव्हतं."

हे खरंच होतं. तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. पण तो माणूस समजल्यासारखी मान हलवून लिहून घेत होता, आणि मी त्याला लिहू दिलं.

म्हातारा बाहेर बर्फात उभा होता, टोपी हातात घेऊन. मी अँब्युलन्सच्या मागे निघाले तेव्हा त्याने माझी बाही धरली. "पण तू तिला सांगितलं होतंस," तो म्हणाला. "तिने मला तो गोड गोळा दिला."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "विसरली असेल. म्हातारी माणसं विसरतात."

आईला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं, एका बंद लोखंडी नळकांड्यासारख्या खोलीत घालून ऑक्सिजन दिला. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. चौथ्या दिवशी विचारलं, बाळाला न्हाऊ कोण घालते? आठवड्याने घरी आली, चालायला लागली, वंदना म्हणायला लागली. आम्हाला वाटलं, सुटलो. पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढलं असतं तर काय फरक पडला असता, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी हेही सांगितलं होतं की काही लोकांत त्रास उशिरा दिसतो, लक्ष ठेवा. मी त्याच्याकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही.

तीन आठवडे चांगले गेले. मग एका सकाळी तिने चहात मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी बाळाकडे बघून विचारलं, ही कुणाची? पुढच्या आठवड्यात ती जिन्याच्या मधे उभी राहिली आणि वर जायचं की खाली, ते तिला आठवेना. ती रडलीही नाही. नुसती उभी होती, कठडा धरून. मी तिला हाताला धरून खाली आणलं आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडले.

मार्चमध्ये भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तो बाबांच्या जागी खाणीतच लागलेला. बॅगा भरताना माझी समजूत काढायला म्हणाला, "तू मनाले लावून नको घेऊ. अडाणी बाई. तिले काय समजते?"

मी तेव्हाही त्याला खरं सांगितलं नाही. अडाणी. स्टोव्हला वरून ढोसायचं नाही हे तिने एकदाच ऐकलं होतं. दार अर्धं उघडं ठेव म्हटलं तर रोज ठेवलं होतं. त्या दिवशी बंद केलं, कारण मी दिलेलं कारणच घरात नव्हतं. बाळ माझ्याबरोबर दवाखान्यात गेलं होतं, मग कुणाचं रडणं ऐकू यायचं होतं? तिला जेवढं सांगितलं तेवढं तिने तंतोतंत केलं होतं.

स्टोव्हवर मी परत कुंडी ठेवली. घरमालकाने भट्टी दुरुस्त करून दिली. म्हातारा भेटला की हात वर करायचा, पण घरात कधी आला नाही. आता मी दर रविवारी सकाळी फोन कार्ड घासून नंबर लावते. तिकडे संध्याकाळ असते. भाऊ तिच्या कानाला फोन धरतो. बहुतेक वेळा ती ऐकते आणि हं म्हणते. कधी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारते. मुलगी बोबडं काही बोलली तर विचारते, कोण आहे?

या दिवाळीच्या आसपासच्या एका रविवारी ती अचानक स्वच्छ आवाजात बोलली. "तो गोरा म्हातारा काय म्हणत होता वं?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. नवरा समोर मुलीला भरवत होता. दहा महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, नवऱ्याने नाही. मी सांगितलं. त्याने म्हटलं तसंच. या कोळशाला धूर नसतो, आई. वास नसतो. बंद खोलीत निखारे न्यायचे नसतात. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. त्याने दोन माणसं उचलून बाहेर आणली होती. मी तुला खोटं सांगितलं. समोर नवऱ्याचा चमचा हवेतच थांबला.

फोनवर तिकडे भांडी वाजत होती.

"मंग तवाच सांगाचं होतं ना माय," ती म्हणाली. रागाने नाही. "मी आयकली नसती का?"

मी फोन छातीशी धरला. परत कानाला लावला तेव्हा ती विचारत होती, "तो गोरा म्हातारा काय म्हणत होता वं?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने पुन्हा तेच म्हटलं. त्यानंतरच्या रविवारीही तिने विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही.